लिंबू वाचलं पाहिजे

चुकीच्या वेळी वाजलेल्या टाळ्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत. हौशी नाटकं बसवणाऱ्या माणसाला त्यांची सवयच असते. पण सगळ्यात चुकीच्या टाळ्या वाजल्या त्या २०१६च्या हिवाळ्यात, डहाणूला आमच्या चिकूच्या वाडीत, आणि त्या वाजल्या एका लिंबावर. ट्रेलरच्या चाकाखाली लिंबू फुटलं, वीस-बावीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या बायकोनं हात जोडले. मग ट्रक चालवणारा माणूस इंजिन बंद करून खाली उतरला, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि कुणाशी न बोलता फाटकातून बाहेर गेला. काहीतरी बिघडलंय हे त्या क्षणी फक्त त्याला आणि मला कळलं होतं. नक्की काय बिघडलंय हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दोष माझा होता, म्हणून उशीर लागला असावा.

सुरुवातीपासून सांगतो.

आमची एक नाटक मंडळी आहे. कुणी पोस्टात कामाला, कुणाची भाजीची शेती, धाकटी डहाणूचा एक मासेमार असा की त्याचं कुजबुजणंही खाडीच्या पलीकडे ऐकू जातं. मी दिग्दर्शक. शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही, तरी सगळे मला मास्तर म्हणतात आणि मी कधी दुरुस्त केलेलं नाही. अडचण एकच होती, रंगमंचाची. पाड्यांवर प्रयोग करायचा तर शाळेची बाकं जोडून त्यावर उभं राहायचं. सायवनच्या बाजूला एका प्रयोगात आमचा राजा दोन बाकांच्या मधून खाली गेला आणि उरलेला दरबार त्यानं कमरेपासून वर चालवला. लोकांना ते नाटकातच आहे असं वाटलं. पुढच्या वर्षी त्याच पाड्यानं आम्हाला पुन्हा बोलावलं आणि निरोपात बजावलं, राजा खाली जाणारंच नाटक आणा.

तेव्हा मी ठरवलं की आता चाकांवरचा रंगमंच हवा. भिलाडच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे सैन्यातून निघालेला एक ट्रेलर पडून होता. लांब, सपाट, चार चाकांचा, हिरवा रंग उडालेला, बाजूला पांढऱ्या अक्षरांत कसलातरी नंबर. भंगारवाला म्हणाला, ‘मिलिटरीनो माल छे शेठ, मरशे तो पण सलाम करीने मरशे.’ इतकं चांगलं वाक्य टाकणाऱ्या माणसाशी घासाघीस करणं मला जमत नाही. ओढायला मंडळीचा जुना ट्रक होताच. तो पूर्वी दगडखाणीत असेच ट्रेलर ओढायचा आणि त्याच्या पाठीवर ट्रेलरच्या ब्रेकसाठी हवेच्या दोन तोट्या होत्या.

राहिला ड्रायव्हर. तो मला आधीपासून माहीत होता, पण ड्रायव्हर म्हणून नाही. गावाबाहेरच्या फुग्यांच्या कारखान्यात तो कामाला होता आणि संध्याकाळी घरी जाताना आमच्या तालमीच्या दारात उभा राहायचा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, बारीक, काळा, हसायचा नेमका नको तिथं. तळासरीकडची माणसं सांगायची की ट्रेलर चालवावा तर यानंच, पण आता तो चालवत नाही. का, ते कुणी सांगत नव्हतं.

मी त्याला ट्रेलर नुसता बघायला बोलावलं. निदान तसं म्हणालो. तो आला, ट्रेलरखाली सरपटत गेला आणि अर्धा तास बाहेरच आला नाही. मी खाली वाकून विचारलं, ‘दादा, झोपलात का?’

‘वाचतोय,’ आतून आवाज आला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात रबरी पाईपाचा एक तुकडा होता. त्यानं तो वाकवला. वरचं रबर उन्हानं तडकलेल्या तळ्यासारखं फाटलं आणि आतले दोरे दिसले.

‘हे मेलंय,’ तो म्हणाला. ‘लोखंडी नळ्या पण गंजल्यात. एका नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय. हवा कुठून जाणार? सगळं बदलायला पाहिजे.’

‘बदलू. तुम्ही चालवणार का?’

‘आधी बदलू,’ तो म्हणाला.

पुढचा आठवडाभर कारखान्यातून सुटला की तो वाडीत यायचा. चिकूच्या झाडाखाली ट्रेलर उभा, चाकांना दगड लावलेले, आणि आम्ही दोघं त्याच्या पोटाखाली. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशी रॉकेल सोडून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पान्यानं हळूहळू फिरवायचे. तुटला तर शिव्या मी द्यायच्या, कारण तो देत नसे. लोखंडी नळ्या काढल्या तेव्हा एकीतून चिमूटभर बारीक, पिवळसर वाळू पडली. ती आपल्या किनाऱ्याची नव्हती. मी लगेच वाळवंट, सीमा, रात्रीचा तळ असं वर्णन सुरू केलं. त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, ‘मास्तर, पकड द्या.’

रबरी पाईप आणायला आम्ही तळासरीला हायवेवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदारानं चकचकीत पाईप पुढे टाकला. दादांनी टोक नाकाला लावलं, अंगठ्यानं दाबलं, वाकवलं आणि परत ठेवून दिलं.

‘क्या हुआ?’ दुकानदार म्हणाला. ‘नया माल है.’

‘रबरात खडूची भुकटी जास्त हाय. एक उन्हाळा बघंल.’

‘तुला काय कळतं रे?’

‘मी फुगे करतो,’ दादा म्हणाले.

दुकानदार हसायला लागला. दादा हसले नाहीत, तसेच उभे राहिले. शेवटी दुकानदारानं आतून दुसरं भेंडोळं आणलं. त्याचा वास घेऊन दादांनी मान हलवली. परत येताना त्यांनी मला सांगितलं की रोज हजार वेळा रबर ताणलं की खोटं रबर हाताला आपोआप कळतं, त्यात हुशारी काही नाही.

ब्रेकचं गणितही मला त्यांनीच समजावलं, आणि ते इतकं चांगलं समजावलं की मी ते जसंच्या तसं पुढे वापरत आलो आहे. ट्रकपासून ट्रेलरपर्यंत हवेचे दोन पाईप येतात. एकातून ट्रेलरचं जेवण येतं. त्याच्या पोटातली टाकी त्या हवेनं सतत भरलेली राहते. दुसऱ्यातून निरोप येतो. ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला की निरोप जातो, थांब. आणि ट्रेलर टाकीतली हवा वापरून चाकं धरतो. खरी गंमत जेवणाच्या पाईपात आहे. तो तुटला, निसटला, तर टाकीतली साठवलेली हवा आपणहून चाकं आवळते. म्हणजे ट्रेलर ट्रकपासून सुटला तरी जागच्या जागी बसतो.

‘उपाशी राहिला की रुसून बसतो,’ मी म्हणालो.

‘बसला पाहिजे,’ ते म्हणाले. ‘बसला नाय, तर माणूस जातो.’

आणि मग नळीचा नट आवळता आवळता, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. आठ-नऊ वर्षांपूर्वी ते एका खाणीवर होते. तिथल्या ट्रेलरचा जेवणाचा पाईप गळायचा, त्यामुळे ट्रेलर वाटेत सारखा रुसून बसायचा, खेपा कमी व्हायच्या. मालक म्हणाला, टाकीवरचा चाकं आवळणारा झडपेचा भाग काढून टाक, तोंडाला लाकडाची खुंटी मार, रुसणं बंद. दादांनी स्वतःच्या हातानं खुंटी मारली. चार दिवस खेपा छान झाल्या. पाचव्या दिवशी उतारावर ट्रेलरनं ट्रकला मागून ढकलायला सुरुवात केली आणि थांबवायला काहीच नव्हतं. दादांनी ट्रक शेताच्या बांधात घातला. शेजारी त्यांचा मेहुणा बसला होता, बायकोचा सख्खा भाऊ. तो जगला, पण त्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही. मालकानं सगळ्यांना सांगितलं की ड्रायव्हरचा हात खोटा होता.

‘आणि तुम्ही?’

‘मी काय सांगणार? खुंटी माझ्याच हातची होती.’

तेव्हापासून ते फुग्यांत होते. ज्या पाड्यानं आम्हाला बोलावलं होतं, तो या मेहुण्याचाच पाडा होता. म्हणून ते ट्रेलरखाली शिरले होते, हे मला तेव्हा समजलं. त्यांच्या घरून मात्र या सगळ्याला साफ विरोध होता.

पाईप बसवून झाले तेव्हा त्यांनी अट घातली. आपल्याकडे नव्या गाडीची पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी पुढे घेऊन ते फोडतात. दादांची रीत उलटी होती. उतारावर ट्रक न्यूट्रलमध्ये सोडायचा. ट्रेलरच्या चाकापुढे खडूची रेघ, रेघेच्या पुढे दोन हातांवर लिंबू. चाक रेघेवर आलं की केबिनमधला एक छोटा नळ फिरवून जेवणाची हवा तोडायची. ट्रेलर रुसून जागीच बसला पाहिजे.

‘लिंबू वाचलं पाहिजे,’ ते म्हणाले. ‘वाचलं तर मी चालवीन, पाड्यापर्यंत नेईन. फुटलं तर मला परत विचारायचं नाय, मास्तर. घरी पण मी हेच सांगितलंय. एकदाच.’

मला असा प्रसंग देणं म्हणजे मांजराला माशाची पाटी देणं. मी सगळ्या मंडळीला बोलावलं. ढोलकी आणवली. बायकोनं पूजेचं ताट केलं. आदल्या दिवशी जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती तपासली होती, त्यासाठी माझा दाढीचा ब्रश गेला होता, आणि एकही बुडबुडा आला नव्हता. नंतर दादांनी टाकीखालचा नळ उघडून आतलं पाणी आणि हवा सगळी सोडून दिली होती. आता एकच काम उरलं होतं. दोन्ही पाईप नवे, दोन्ही काळे, ओळखायचे कसे? ट्रकच्या पाठीवर जेवणाची तोटी उजवीकडे होती, तिला जुना लाल रंग होता. निरोपाची डावीकडे, पिवळी. दादा खालून म्हणाले, ‘मास्तर, ट्रेलरच्या पाईपांना पण रंग लावा. उजव्याला लाल, डाव्याला पिवळा.’

रंगकाम म्हणजे माझाच प्रांत. मी ट्रेलरच्या पुढे उभा राहिलो, त्याच्याकडे तोंड करून, आणि उजव्या पाईपाच्या तोंडाला लाल रंग लावला, डाव्याला पिवळा. दोन हात दिले, ठिपके पडू दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रक लागला तेव्हा लालला लाल, पिवळ्याला पिवळा मीच जोडला. पाईप लोंबकळत होते, ते दिसायला बरे नव्हते, म्हणून दोन्ही मिळून सुतळीनं छान वेणी घातली. दादा केबिनमध्ये चढता चढता ती वेणी बघून म्हणाले, ‘गजरा राहिला.’ रंगाला रंग जुळलाय एवढं त्यांनी पाहिलं. एरवी ते टाकीला कान लावून हवा भरल्याचा आवाज ऐकायचे, पण ढोलकी सुरू झाली होती. ती मीच सुरू करवली होती.

ट्रक हलला. चाक रेघेवर आलं. दादांचा हात नळावर फिरलेला मला दिसला. चाक तसंच संथपणे पुढे गेलं, लिंबू फुटलं, आणि बियांसकट रस मातीत गेला. खाली दादांनी ट्रकच्याच ब्रेकनं सगळं थांबवलं. मंडळीला दादांची रीत कुठे माहीत होती. त्यांना वाटलं, लिंबू फोडायचंच होतं. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन मी वाडीत गेलो. ट्रेलर तिथंच होता. मनाची समजूत घालायला मी त्याच्यावर चढलो. माझ्यासाठी तो अजून रंगमंचच होता. पुढच्या टोकाला जाऊन ट्रककडे तोंड करून उभा राहिलो, नट उभा राहतो तसा, हात पसरून. उजवा हात पसरला आणि सहज खाली पाहिलं. ट्रेलरच्या उजव्या बाजूनं निघून सुतळीत शिरलेल्या पाईपाचं तोंड पिवळं होतं.

मी डाव्या हाताकडे पाहिलं. लाल.

हात पसरलेलेच राहिले. चहा सांडला.

याचं कारण सांगायला मला लाज वाटते, पण ते आमच्या मंडळीला पाठ आहे. नटाचं उजवं ते रंगमंचाचं उजवं, हे मी प्रत्येक नव्या नटाला पहिल्या दिवशी शिकवतो. आणि नंतर आयुष्यभर प्रेक्षकांत उभा राहून, माझ्या उजव्या हाताकडे बोट दाखवून, ‘उजवीकडे सरक’ म्हणून ओरडतो. नटांनी एक सोय करून घेतली होती, मास्तर उजवं म्हणाले की डावीकडे जायचं. त्यामुळे वीस वर्षांत मला कुणी दुरुस्त केलं नव्हतं. ट्रेलरच्या बाबतीतही मी प्रेक्षकांतच उभा होतो. जेवण निरोपाच्या वाटेनं गेलं होतं, निरोप जेवणाच्या वाटेनं. टाकी उपाशीच राहिली होती. जो कधी जेवलाच नाही, तो रुसणार कशावर?

इथं मी एक गोष्ट केली. ती सांगितली नाही तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मी रंगाचे डबे आणले, दोन्ही तोंडं पुसून नव्यानं बरोबर रंगवली, पाईप सोडवून ठेवले. कुणी बघत नव्हतं. मग कपडे बदलून फुग्यांच्या कारखान्यात गेलो. मनाशी योजना तयार होती. म्हणायचं, काल हवा नीट भरली नसेल, देवाचं नाव घेऊन पुन्हा एकदा बघू. या वेळी लिंबू वाचेल, सगळ्यांना आनंद होईल. माझी चूक त्या आनंदात विरून जाईल. उत्तम तिसरा अंक.

कारखान्यात साच्यांच्या फळ्या वाळत होत्या, पावडरीचा पांढरा धुरळा होता, आणि दादा गोणपाटावर बसून साच्यांवरून फुगे सोलत होते. पुढे रंगारंगांचे ढीग होते.

‘दादा, जरा बाहेर येता?’

‘शेठ ओरडतील. हिथंच बोला.’

मी माझं वाक्य म्हटलं. चांगलं म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ‘नाय मास्तर. हवा बरोबर होती. जोड सगळे मी आवळले, पाईप मी बसवले. कुठं चुकलं ते काल रात्रभर मोजलं, सापडलं नाय. म्हणजे हातच खोटा हाय. खाणीचा मालक बोलला ते खरं होतं.’

‘घरी वहिनी काय म्हणाल्या?’

‘काय नाय बोलली. चहा दिला.’

एवढंच ते म्हणाले आणि पुढचा फुगा सोलला. मला ती बाई डोळ्यांपुढे आली. जिच्या भावाचा पाय गेला, जी इतके दिवस विरोध करत होती, तिनं काही न बोलता चहाचा कप पुढे ठेवला. तो कप त्यांना माझ्यामुळे प्यावा लागला होता. आणि मी तिथं उभा राहून नेमकं तेच करत होतो जे खाणीच्या मालकानं केलं होतं, फक्त गोड आवाजात. त्यानं दोष ड्रायव्हरच्या हातावर टाकला होता, मी तो तिथंच पडू देत होतो.

‘रंग मी उलटा लावला,’ मी म्हणालो. हे वाक्य मात्र अगदीच वाईट म्हटलं गेलं.

‘कसा उलटा?’

‘मी ट्रेलरकडे तोंड करून उभा होतो.’

त्यांनी हात थांबवला. ढिगातून एक लाल फुगा घेतला, एक पिवळा घेतला आणि माझ्या हातात दिले. ‘उजव्या हातात लाल धरा. आता फिरा.’

मी फिरलो. आजूबाजूच्या बायका काम थांबवून बघत होत्या.

‘परत फिरा.’

मी पुन्हा फिरलो. एक बाई म्हणाली, ‘गरब्याला अजून वेळ हाय, मास्तर.’ सगळ्या हसल्या. दादा हसले नाहीत. ते माझ्या हातांकडे बघत होते.

‘मंग हात खोटा नाय,’ ते म्हणाले.

‘नाही.’

‘जोड बरोबर होते.’

‘सगळे.’

त्यांनी साच्यावरून आणखी एक फुगा सोलला. मग विचारलं, ‘रंग आता नीट केला?’

‘सकाळीच.’

‘कुणाला न सांगता?’

‘हो.’

‘मंग मला कशाला सांगितलं? लिंबू तर वाचलंच असतं.’

आज याचं उत्तर देईन, पण ते बहुतेक सजवलेलंच असेल. त्या वेळी मी नुसतं म्हणालो, ‘चहा दिला म्हणालात ना.’

त्यांनी फुगे माझ्या हातातून काढून घेतले आणि ज्याच्या त्याच्या ढिगात टाकले. ‘रविवारी येतो. पण काल टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांना बोलवा. त्यांच्यापुढं सांगा. माझ्या घरचीला पण आणतो, तिच्यापुढं सांगा. आणि ढोलकी नको.’

रविवारी सगळे आले. दादांची बायको फाटकाजवळच उभी राहिली, आत येत नव्हती. माझ्या बायकोनं पाणी दिलं, तिनं घेतलं, पण जागा सोडली नाही. मी ट्रेलरपुढे उभा राहिलो. इतकी भाषणं केली आहेत, पण त्या दिवशी हात कुठे ठेवायचे हे कळेना. सांगितलं, की परवा लिंबू फुटायला नको होतं, वाचायला हवं होतं, आणि फुटलं ते माझ्यामुळे. रंग मी उलटा लावला, वेणी घालून तो झाकला, ढोलकी वाजवून आवाज ऐकू दिला नाही. दादांचे सगळे जोड बरोबर होते. हे शेवटचं मी फाटकाकडे बघून म्हटलं.

मग धाकटी डहाणूचा तो मासेमार म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हळू काही नसतं, ‘मास्तर उजवं म्हणाले की आम्ही डावीकडे जातो. ट्रेलर नवीन होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.’

हशा इतका झाला की चिकूवरचे पोपट उडाले. माझी बायको म्हणाली, ‘अहो, लग्नात मी तुमच्या कुठल्या बाजूला बसले होते ते तरी आठवतं का?’ मी उत्तर द्यायचं टाळलं. फाटकाजवळ पदर तोंडाला लागलेला दिसला.

दादांनी स्वतः पाईप जोडले, वेणीशिवाय. इंजिन सुरू केलं, खाली उतरून ट्रेलरच्या टाकीला कान लावला. आम्ही सगळे गप्प होतो, म्हणून मलाही ऐकू आलं, आत हवा भरत होती, लहान मूल झोपेत श्वास घेतं तसा आवाज. त्यांनी रेघ मारली, दोन हात मोजून लिंबू ठेवलं आणि केबिनमध्ये चढले.

ट्रेलर उतारावर निघाला. चाक रेघेवर आलं. फस्स असा मोठा आवाज झाला, चारही चाकांनी मातीत पाय रोवले, ट्रक मागे ओढल्यासारखा झटका खाऊन थांबला. मातीत चार काळे ओरखडे उमटले. चाक आणि लिंबू यांच्यामध्ये वीतभर जागा होती.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आता वाजवायच्या की नाही हे कुणाला कळत नव्हतं.

फाटकाजवळून ती बाई चालत आली, वाकली, लिंबू उचललं, त्याची माती पुसली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. दादांकडे तिनं पाहिलंही नाही.

‘पण फुटल्याशिवाय पूजा पुरी कशी होणार?’ माझ्या बायकोला काळजी पडली.

‘वहिनी, ट्रकच्या चाकांखालची फोडू,’ दादा केबिनमधून म्हणाले. ‘ट्रेलरचं नको.’

तशीच रीत पडली. पुढे तो ट्रेलर २०१९पर्यंत आम्ही फिरवला, विवळवेढ्याच्या जत्रेपासून पार सायवनच्या आतल्या पाड्यांपर्यंत, आणि दर वेळी निघताना ट्रकची लिंबं फुटायची, ट्रेलरचं वाचायचं.

पण पहिल्या खेपेचं सांगतो, कारण सगळं त्याच्यासाठी चाललं होतं. सायवनकडे जाताना शेवटी एक लांब उतार आहे, वळणाचा, एका बाजूला ओढा. आमची मंडळी जीपमधून मागे होती, ट्रकमध्ये दादा आणि मी. उतार सुरू झाला तसं मला बोलायचं होतं, पण मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यातली ती बहुतेक सगळ्यात मोठी शांतता. दादा पाय ब्रेकला नुसता टेकवत होते, सोडत होते, पुन्हा टेकवत होते. प्रत्येक वेळी मागून ट्रेलर हलकेच थोपवायचा. मागून धक्का आला नाही.

उतार संपला तिथं रस्त्याकडेला एक माणूस काठी टेकून उभा होता, एक पाय ताठ. दादांनी त्याच्याजवळच ट्रक थांबवला, उतरले, पण आधी त्याच्याकडे गेले नाहीत. ट्रेलरच्या एका चाकाशी जाऊन आतल्या लोखंडी ड्रमला तळहात लावला. मग दुसऱ्या चाकाला, मग पलीकडे जाऊन उरलेल्या दोन्हींना.

‘मास्तर, हात लावा,’ त्यांनी बोलावलं.

मी लावला. गरम होतं. चटका बसेल इतकं नाही, उन्हातल्या दगडासारखं.

‘चारही सारखे गरम,’ ते म्हणाले. ‘म्हणजे चारींनी सारखं धरलं.’

ताठ पायाचा तो माणूस काठी टेकत आला. हा त्यांचा मेहुणा. त्यानं काठी माझ्याकडे दिली, मला जणू काठी धरायलाच आणलं होतं, आणि वाकता येत नव्हतं म्हणून ट्रेलरच्या फळीला धरून, पाय बाजूला काढून, खाली हात घातला. ड्रमवर तळहात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला. दादा त्याच्या हाताकडे बघत उभे होते.

मग त्यानं हात काढला, लुंगीला पुसला आणि माझ्याकडून काठी परत घेतली.

‘चला,’ तो दादांना म्हणाला. ‘भात निवतोय.’